चौतीस काठ्यांवर मोरी

आमच्या क्वालिटीत एक नियम आहे. माप जुळलं नाही तर आधी पार्टला नावं ठेवायची नाहीत, आधी हातातलं गेज तपासायचं. पण हे कुरुळी गावातल्या पुरुषमंडळींना सांगणार कोण? मी, जयमाला, पडले भाडेकरू. परभणीहून येऊन सहा वर्षं झाली. चाकणच्या कंपनीत दिवसभर गिअर तपासते आणि मारुतरावांच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. तरी कुणी मापाचं वेडंवाकडं काही केलं की माझं डोकं सणकतं, मग समोर घरमालक असो नाहीतर मॅनेजर.

मारुतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. आजूबाजूची रानं कंपन्यांना आणि गोदामांना गेली, यांनी दीड एकर कांदा काही सोडला नाही. यंदा बोअर जानेवारीतच आटला. ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्यातून त्यांच्या रानात पूर्वापार पाट यायचा, तो शेजारच्या गोदामवाल्याने मुरूम टाकून बुजवला होता. वर म्हणतो कसा, इथे पाट कधी नव्हताच! शुक्रवारी त्या मुरुमावर काँक्रीट पडणार होतं. मारुतरावांनी तहसीलात अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की गुरुवारी अकराला जागा पाहायला येतो, पाटाची पक्की खूण दाखवा, नाहीतर अर्ज निकाली काढू. खूण सापडली नाही तर कांदा जळणार आणि पाटाचं पाणी कायमचं जाणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

खूण कुठे आहे ते एका मोडी कागदात लिहिलेलं होतं. मारुतरावांचा मुलगा प्रीतम तो पुण्याहून वाचून घेऊन आला होता. देवळाच्या ओट्यापासून विहिरीच्या थारोळ्यापर्यंत बारा काठ्या, आणि थारोळ्यापासून सरळ पूर्वेला चौतीस काठ्यांवर पाटाचं पाणी जायची दगडी मोरी. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी जिथे ओतायचे तो दगडी कट्टा. तो अजून जागेवर आहे, मोरी मात्र मुरुमाखाली गेलेली.

प्रीतमने मोबाईलवर शोधलं. काठी म्हणजे पाच हात आणि पाच मुठी, म्हणजे नऊ फूट दोन इंच. गुणिले चौतीस, तीनशे बारा फूट. झालं, प्रीतमसाहेब खूश! गोदामाच्या मॅनेजरने हसत हसत एक खड्डा घेऊ दिला. बुधवारी जेसीबी आठ फूट खाली गेला आणि निघाला काय, तर मुरूम आणि काळी माती. मी फर्स्ट शिफ्ट करून आले तेव्हा माणसं पांगत होती. मारुतराव खड्ड्याच्या काठावर बसून होते. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी अंगणात नवीनच तमाशा सुरू झाला. पाच हात, पण कुणाचे? मारुतरावांचा हात भिंतीला लावून मोजला, प्रीतमचा मोजला, तो दीड इंच लांब भरला. मारुतरावांच्या बायको शालनबाई चहा घेऊन आल्या तर त्यांनाही हात लांब करायला लावला. आधी मला हसू आलं, मग राग.

"हात कसले मोजता? ज्याने कागद लिहिला त्याची काठी कागदातच आहे," मी म्हटलं. "ओटा जागेवर आहे, थारोळं जागेवर आहे. मधे बारा काठ्या. टेप लावा आणि बाराने भागा."

प्रीतम म्हणाला, ताई, तुम्ही आपले गिअर मोजा. मी म्हटलं, मोजते म्हणूनच तुमची गाडी चालते, भाऊ. मारुतरावांनी मात्र चहा बाजूला ठेवला आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. साडेसहालाच स्टीलचा टेप घेऊन आम्ही देवळात हजर. ओट्यावर नवी फरशी बसवलेली, ती पुढे आली होती. म्हणून मी खालच्या जुन्या दगडाच्या कडेपासून माप घेतलं. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा एकशे अठरा फूट सहा इंच. म्हणजे एक काठी नऊ फूट साडेदहा इंच! मोबाईलपेक्षा साडेआठ इंच जास्त, आणि चौतीस काठ्यांत हीच चूक चोवीस फुटांची होते.

"तवाची मानसं लांब हातांची व्हती म्हनायची," मारुतराव म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू दिसलं.

थारोळ्यापासून तीनशे पस्तीस फूट नऊ इंचांवर मी पांढऱ्या फक्कीने गोल काढला. अकराला अधिकारी बाई आल्या. मॅनेजर लगेच पुढे, की एक खड्डा दिला होता, आता रोज उठून जमीन उकरू द्यायची का? बाईंनी मला विचारलं, हीच जागा कशावरून? मी कागद दाखवला, आकडे दाखवले. त्यांनी स्वतः भागाकार करून पाहिला.

"एकच खड्डा," त्या म्हणाल्या. "नाही निघालं तर इथेच लिहून देते की पाट नाही."

ओटा कुणी मधे हलवला असेल तर? दोन फूट, चार फूट, पाच फूट, नुसती माती. प्रीतम माझ्याकडे पाहायला लागला. सहा फुटांवर बकेट खट्टकन अडली. मी हात वर करून जेसीबी थांबवला. दोन गडी फावडी घेऊन उतरले, आणि गाळाखालून घडीव दगड दिसायला लागले. दोन उभे, वर एक आडवा. मोरी, चौतीस काठ्यांवर! मला राहवलं नाही. मी बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचे टेम्पोवाले थांबले. मॅनेजर फोन कानाला लावून लांब गेला. बाई खड्ड्यात उतरल्या, फोटो घेतले आणि तिथेच काँक्रीट थांबवायचं लिहून दिलं.

मुरूम निघायला आठ दिवस लागले, आणि तो गोदामवाल्यालाच काढावा लागला. नवव्या दिवशी सकाळी बंधाऱ्याचं पाणी सोडलं. मी शिफ्टला निघाले होते, तशीच आयकार्ड गळ्यात घालून रानात पळाले. गढूळ पाणी मोरीतून निघून, पानं, काड्या, कचरा ढकलत बांधापर्यंत आलं. प्रीतम फावडं घेऊन पहिल्या वाफ्याचं दारं मोडायला, म्हणजे मातीचा बांध फोडून पाणी आत घ्यायला वाकला, तर मारुतरावांनी त्याच्या हातातून फावडं काढून घेतलं.

"तू न्हाई," ते म्हणाले. "जयमाला, पयलं दारं तू मोड."

मी सेफ्टी शूज काढले, फावडं घेतलं आणि मातीत घातलं. पाणी कांद्यात शिरलं.