सख्ख्या जंतूंचा रिपोर्ट

मंडळी, इंदूरच्या पलासिया भागातल्या एका खाजगी इस्पितळात आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर मोनालीचा भलताच दरारा होता. फरशीत तोंड दिसलं पाहिजे म्हणजे पाहिजेच! त्यात आपलं इंदूर. स्वच्छतेला कुणी नावं ठेवली की आपल्याला झोंबतं. अशा आयसीयूत पंधरा दिवसांत व्हेंटिलेटरवरच्या तीन पेशंटना न्यूमोनिया झाला.

"गयाबाई पोछा नीट मारत नाही. उद्यापासून तिला काढा," मोठे डॉक्टर प्रतापराव कडाडले.

सफाईवाली गयाबाई अकरा वर्षं तिथे राबत होती. ती म्हणाली, "सिस्टरजी, तुम्ही तर रोज बघता माझं काम. बोला ना कुछ!"

मोनालीनं नजर चार्टकडे वळवली.

तेवढ्यात लॅबच्या डॉक्टर संबोधी रिपोर्ट घेऊन आल्या. "सर, जरा थांबा. तिघांच्या जंतूंची जेनेटिक तपासणी केली. बाहेरून आले असते तर बहुतेक वेगवेगळे निघाले असते. हे तर सख्खी भावंडं! म्हणजे इथेच एका खाटेवरून दुसरीकडे गेलेत."

"पोछ्यानेच ना?"

"फरशीवर हे सापडले नाहीत. ट्रॉलीवरच्या पाण्याच्या बाटलीत सापडले. ती कुणी ठेवली, ठाऊक नाही."

मोनालीनं बाटली ओळखली. कफ ओढायची नळी धुवायला दर खाटेला वेगळी बाटली घ्यायचा नियम होता. पण अर्धी उरलेली बाटली फेकणं तिच्या जिवावर यायचं. एकच मोठी बाटली सगळीकडे फिरवायची, ही शिकवण तिचीच! आता ती गप्प बसली तर दरारा राहणार होता, आणि गयाबाईची नोकरी जाणार होती.

"सर, बाटली माझी," ती उभी राहिली. "गयाबाईंना काढू नका. चूक माझी आहे!"

प्रतापराव ओशाळले. "मीही न तपासता बोट दाखवलं. गयाबाई, माफ करा," म्हणत त्यांनी हात जोडले.

"अरे सर, जोडता काय, ते हात नीट धुवा!" गयाबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

तिन्ही पेशंट सावकाश बरे होऊन घरी गेले. आता दर खाटेशी वेगळी बाटली असते. नव्या सिस्टर आल्या की मोनाली पहिल्याच दिवशी स्वतःची चूक सांगते. दाराशी गयाबाई ताठ मानेनं म्हणते, "ये हमारी सिस्टरजी!"

नागरिकहो, दोष नेहमी झाडू धरणाऱ्यावर ढकलू नका. आधी आपले हात तपासा, आणि चूक सापडली तर चारचौघांत सांगा. मोनालीचा दरारा त्यानं तसूभरही कमी झाला नाही.