राम राम घालायचा नाही

मखमलाबादला गोजराबाईच्या अंगावर शब्द टाकून कुणी फुकट सुटलं नव्हतं. दिलेलं व्याजासकट परत मिळे. पण २००३च्या पावसाळ्यात फिजिओथेरपिस्ट मनीषाताईंच्या व्यायामखोलीत तिला एकच काम उरलं होतं: तोंड मिटून बसणं.

नवऱ्याच्या, खंडेरावांच्या, अंगावरून वारं गेल्याला चार महिने झाले होते. डावा पाय ओढत का होईना, ते चालत होते. मनीषाताई म्हणाल्या, आता पाय आणि डोकं एकदम चालवायचं. "चालता चालता फुलांची नावं सांगा, आजोबा."

"झेंडू," म्हणून खंडेराव थांबले. पाऊल टाकलं, तर नाव राहिलं. "शेवंती." पुन्हा थांबले.

"आव, गलांडा म्हना की! जलम गेला त्यात!" गोजराबाईला राहवलं नाही.

ते ऐकायला वळले आणि तोल गेला. मनीषाताईंनी सावरलं. "आजी, तुमची मदत त्यांना महागात पडते. घरी रोज हेच करून घ्या, हळूहळू जमेल. तोवर एकट्याला सोडू नका."

हळूहळू! फुलबाजारातली बसायची जागा आणखी आठवडाभर रिकामी राहिली, तर शेजारीण आपली पाटी सरकवणार, हे गोजराबाईला पक्कं ठाऊक. सून प्रतिभा शाळेवर शिकवायला जाणारी. मळ्यात खुडणीच्या बाया असत, तिथवर ते एकटे पोचले की झालं. अडचण मधल्या गल्लीची. तिथे ओट्याओट्यावर राम राम.

तिने हिशेब मांडला. नुसते चालले तर पडत नाहीत, बोलले तर अडतात. मग बोलायची पाळीच येऊ नये. संध्याकाळी ती घरोघर फिरली.

"आमचे नाना दिसले तर हाक मारायची नाय. राम राम बी घालायचा नाय."

"आन त्यांनीच घातला तर?" गल्लीतल्या वाल्मीकने विचारलं.

"ऐकूच आलं नाय म्हन. उधारी मागितल्यावर जमतं की तुला."

दोन दिवस खंडेराव न अडखळता मळ्यात गेले. बाजाराचा टेम्पो गाठायला पाटी घेऊन मागून चालणारी गोजराबाई स्वतःवरच खूश. तिसऱ्या दिवशी ते उंबऱ्यात बसून राहिले.

"आज नाय जायाचं?"

"माझं काय चुकलं गं?" एकेक शब्द चाचपत आला. "वाल्मीकनं तोंड... फिरवलं. सगुणाबाईनं बी. गावानं टाकलं का मला?"

गावाला पुरून उरणारी बाई आपल्याच हिशेबात अडकली. खरं सांगायचं, तर ‘तुम्हाला दोन गोष्टी एकदम झेपत नाहीत, असं गावभर सांगून आले’ हेच सांगावं लागणार. ती उठली आणि वाल्मीककडे गेली. "घाल बाबा, राम राम घाल. बाकीच्यांना बी सांग."

दुसऱ्या दिवशी वाल्मीक ओट्यावर उभाच होता. "राम राम, नाना!"

खंडेरावांचा चेहरा उजळला. हात छातीशी गेला. "राम... राम." पाय जागच्या जागी. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून सगुणाबाई, "बरं हाय का, नाना? जेवण जातं का? पाय काय म्हनतो?" मग सगळे ओटेच बोलू लागले, तुंबलेली बाकी एकदम चुकती करावी तसे. ते एकेकाकडे वळत होते आणि गल्लीच्या मधोमध तिरपे होत चालले होते.

वेशीवर बाजाराच्या टेम्पोने हॉर्न दिला. गोजराबाईच्या डोक्यावर पाटी, दोन्ही हात पाटीला. ‘चला’ म्हणावं, तर त्यांना आणखी एक शब्द झेलावा लागेल. गप्प करावं लोकांना, तर कुठल्या तोंडाने?

तिने पाटी चिखलात उतरवली आणि मागे जाऊन त्यांच्या काखेत हात दिला. टेम्पो निघून गेल्याचा आवाज आला. खंडेराव अजून सगुणाबाईला द्यायचं पायाचं उत्तर शोधत होते.