सामानाबरोबर पाठवीन

सुट्टी संपवून घरी निघालो, तर विमानतळावर धाकटीने नुसता उच्छाद मांडला. "गप्प बस, नाहीतर सामानाबरोबर त्या मशीनमधून पाठवीन," नवरा म्हणाला. येतानाही त्याचं हेच पालुपद होतं. या माणसाला वाटतं, चार वर्षांच्या पोरीला विनोद कळतात.

तपासणीच्या रांगेत मी थोरल्या मुलाचे बूट काढत होते, नवरा खिसे रिकामे करत होता. वर पाहिलं, तर धाकटी नाही.

"तुझ्याकडे होती ना?" नवऱ्याने विचारलं.

"अरे, तुझा हात धरून उभी होती!"

विमानाची वेळ होत आलेली, आणि खाली बघावं तिकडे नुसते लोकांचे पाय. तिला हाका मारत मी उलटी धावले.

रांगेच्या टोकाला, रिकाम्या ट्रेच्या ढिगाशेजारी ती सापडली. एक ट्रे जमिनीवर ओढून, बूट काढून, पाय पोटाशी घेऊन ती त्यात बसली होती. डोळे घट्ट मिटलेले.

मी उचलायला वाकले, तर तिने ट्रेच्या कडा पकडल्या.

"आई, आत दुखतं का गं?"