पारड्यातला श्वास

या, बसा. मी वजनकाटा बोलतोय. घाबरू नका, तुमचं वजन विचारणार नाही.

गोल तबकडी, लाल काटा आणि डोक्यावर पितळी पारडं, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट एका किराणा दुकानात. तिथे चाळीस वर्षं काढली. तांदूळ, डाळ, साखर. माल यायचा, क्षणभर टेकायचा, पिशवीत जायचा. गिऱ्हाईक बोलायचं शेठजींशी, पण डोळे माझ्यावर. माणूस माणसावर विश्वास ठेवतो खरा, पण काट्याकडे बघून.

मग शेठजींच्या थोरल्याने आकडे पेटणारा नवा काटा आणला. गल्लीच्या टोकाला जखमी जनावरांचा निवारा आहे. शेठजींनी मला तिथल्या डॉक्टरबाईंना देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी स्वतःही हजर. म्हणाले, "जुना काटा आहे, त्याला माझ्या हाताची सवय." खरं तर घरी सूनबाई त्यांना एका डब्यालाही हात लावू देत नव्हती.

तिथे पहिल्यांदा माझ्या पारड्यात एक पिल्लू ठेवलं. ऊब लागली. काटा एका जागी थांबेना, हलके हलके झुलत राहिला. मला वाटलं, स्प्रिंग गेली. मग कळलं, हा माल श्वास घेतोय. दुपारचं ऊन, हवेत तरंगणारे मऊ केस आणि डोक्यावर ते झुलणं. त्या दिवसापासून मी धड जागा नाही, धड झोपेत नाही.

शेजारच्या शाळेने एक छान केलं. एकेका वर्गाने निवाऱ्यातलं एकेक जनावर सांभाळायला घेतलं. घरून जुनी पांघरुणं आणायची, दर शनिवारी येऊन वजन करायचं आणि शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं. सातवीचं मांजर फुगत चाललं. सहावीच्या वाट्याला आलं मागचा पाय मोडलेलं कुत्र्याचं पिल्लू, लंगडोबा. दोन किलो भरला की पायाचं ऑपरेशन. उशीर झाला तर पाय कायमचा आखडणार. आणि लंगडोबा खाईना.

एका शनिवारी काटा दोन किलोंवर गेला. सहावीची पोरं नाचायला लागली. डॉक्टरबाई भुलीचं औषध भरायला वळल्या. मला मात्र पारड्याच्या काठावर एक ओलसर बोट जाणवत होतं. पण मी सांगणार कसं?

"बाई, जरा थांबा," कोपऱ्यातून शेठजी म्हणाले. मग सहावीतल्या एका चष्मेवाल्या मुलीकडे वळले. "बेटा, हात मागे घे बरं."

काटा घसरला, एक किलो सहाशेवर.

डॉक्टरबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "अगं, भूल वजनावर देतात. एवढी दिली असती तर उठला नसता तो."

मुलगी मुसमुसत म्हणाली, "सातवीवाले चिडवतात, तुमचं कुत्रं राहणार लंगडंच." मग डोळे पुसत, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"नवा दुकानदार होतो तेव्हा माझाही अंगठा पारड्यावर रेलायचा. एक म्हातारी म्हणाली, 'शेठ, अंगठा तोललाच आहे, तर तोही पुडीत बांधा.' तेव्हापासून हात मागे. मी लोभाने दाबायचो, तू मायेने. काट्याला काय, दोन्ही सारखंच."

सोमवारी तिने वर्गात उभं राहून स्वतःच सगळं सांगितलं. तक्ता भिंतीवरून उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दर दोन तासांनी चमचा चमचा भरवलं तरच जगेल. मुलं शाळेत, मग भरवणार कोण? गल्लीने वेळा वाटून घेतल्या. सकाळी इस्त्रीवाला, दुपारी निवृत्त नर्समावशी, मधल्या सुट्टीत सहावी. आणि सातवीही, "आमचं मांजर झोपलंय, म्हणून आलो" म्हणत.

तीन आठवड्यांनी वजनाचा दिवस आला. चाळीस मुलं हात पाठीमागे बांधून उभी. इस्त्रीवाल्यानेही बांधले. काटा दोन किलोंवर गेला, किंचित पुढे सरकला आणि तिथेच झुलत राहिला. बाई औषध भरायला वळल्या.

आता माझी स्प्रिंग थकली आहे. दाराशी एका बुटक्या स्टुलावर बसून असतो. आतले पिंजरे अजून भरलेलेच आहेत. तुमच्याही शाळेजवळ असा एखादा निवारा असेल, तर एखादा वर्ग घेऊन जा. गल्ली आपोआप मागून येते, हे मी पाहिलंय.

लंगडोबा इस्त्रीवाल्याकडे राहतो. येता-जाता पुढचे दोन्ही पंजे माझ्या पारड्यावर ठेवतो. मागचे दोन्ही जमिनीवर घट्ट रोवलेले. मी दाखवतो ते वजन साफ चुकीचं असतं, आणि शेठजी बघून काही म्हणत नाहीत.