तोंडासमोरची पुस्तिका

बळीराम दाखला मागायला आला तेव्हा सरलाबाई तिसरीची हजेरी घेत होत्या. शाळा सकाळची. खात्यातली रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता, भुवयांवर धाग्याचा पांढरा भुगा घेऊन. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि लिंबायतच्या त्या महापालिका शाळेतली निम्मी मुलं कुठल्या ना कुठल्या खात्याच्या आसऱ्याने वाढलेली. बळीराम परभणीकडचा. त्याची धनश्री पहिल्या ओळीत, बाईंच्या टेबलासमोर बसायची. सोमवारपासून ती जागा रिकामी होती.

"ताप आलाय का तिला?" बाईंनी विचारलं.

"ताप न्हाई बाई. हेडसर म्हनले, पोरीचं डोकं कमी हाय, ह्या साळंत चालायची न्हाई. दाखला घिऊन जावा म्हनले. कागुद बी दावला."

"कसला कागद?"

"मला कुठं वाचता येतंय? अंगठा द्या म्हनले, दिला."

बाईंनी मुलांना सातचा पाढा लिहायला सांगितला आणि त्या सरळ ऑफिसात गेल्या. हेडसर गजेंद्र चहा पीत होते. बाईंनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी कागद काढून दिला.

दहा मुलांची यादी होती. नाव, वय, बुद्ध्यांक, शेरा. सहाव्या ओळीत धनश्री, वय आठ, बुद्ध्यांक बासष्ट, मंदबुद्धी. पण बाईंची नजर त्या आकड्यापाशी थांबली नाही, अक्षरापाशी थांबली. ते गोल, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर त्यांनीच एका पोरीची मूठ धरून पाटीवर वळवलं होतं. खाली सही होती, रंजना सुकलाल बडगुजर.

रंजना म्हणजे या शाळेतून कॉलेजपर्यंत गेलेली पहिली मुलगी. प्लेगच्या पळापळीच्या वर्षी ती बारावीला होती. अर्धं लिंबायत रातोरात गाड्या भरभरून खानदेशात गेलं, त्यात हीही गेली, आणि परत येऊन पास झाली. तिचा बाप सुकलाल मागावरचा कारागीर. तो म्हणाला होता, बस झालं. तेव्हा सरलाबाईच त्याच्या दारात जाऊन बसल्या होत्या. "मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र, दोन्ही विषय एकत्र घेऊन बी.ए. करू दे तिला. मुलाचं मन आणि मुलाची पाटी, दोन्ही कळणारी एक तरी बाई या वस्तीत होऊ दे." सुकलालने तीन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

तीच रंजना महिन्यापूर्वी शेवटच्या वर्षाच्या बुद्धिमापनाच्या प्रात्यक्षिकासाठी दहा मुलं मागायला आली. बाईंनी आपल्या वर्गातली मुलं दिली, व्हरांड्याचा कोपरा दिला, स्वतःची खुर्ची दिली. हेडसरांनी परवानगीच्या बदल्यात निकालाची एक यादी मागितली होती. पोरीने अभिमानाने दिली असणार.

"मूल दोन वर्षं माझ्या वर्गात आहे," बाई म्हणाल्या. "मला विचारलंत?"

"तुमचा जीव सगळ्यांवरच असतो बाई. तुम्हाला काय विचारायचं?" हेडसर हसले. "हे शास्त्र आहे. कॉलेजचं. मी माझ्या मनाचं काही केलेलं नाही. असली चार पोरं निकाल खाली ओढतात आणि वरून बोलणी मला बसतात. शनिवारी दाखला निघेल. अशा मुलांची वेगळी शाळा असते."

"कुठे?"

"असेल शहरात कुठेतरी."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. सत्तावीस वर्षांत त्यांनी मुलावर आवाज चढवला नव्हता. पण चष्मा पुसायला लागल्या की वर्ग चिडीचूप व्हायचा. हेडसर त्यांच्या वर्गात कधी शिकले नव्हते, त्यामुळे ते चहा पीत राहिले.

शाळा सुटल्यावर बाई घरी गेल्याच नाहीत. उन्हातून चालत सुकलालच्या गल्लीत शिरल्या. रंजनाची आई कमल उंबऱ्यात बसून साड्यांच्या घड्या घालत होती.

"बाई! या ना, बठा. च्या मांडस."

"चहा नको, कमल. तुझी विदुषी कुठंय?"

विदुषी आत फाईलला खाकी कव्हर घालत बसली होती. बाईंना बघून तिचं तोंड फुललं. "बाई, मीच येणार होते फाईल दाखवायला. परवा द्यायची आहे."

"दाखव. सहावं पान काढ."

रंजनाने पान काढलं आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "धनश्री होय? बाई, तिने काहीच उत्तर दिलं नाही. मी आकडे म्हणायचे, तिने ऐकून परत म्हणायचे. ती नुसती माझ्या हातातल्या चाचणीच्या पुस्तिकेकडे बघत बसली. मधेच खाली वाकून बघायला लागली. लक्षच नव्हतं."

"खाली वाकून काय बघत होती?"

"काय माहीत."

"पुस्तिका कशी धरली होतीस? धरून दाखव."

रंजनाने फाईल उचलली आणि तोंडासमोर, थेट नाकापर्यंत धरली. फाईलमागून तिचा कॉलेजातला सपाट आवाज आला, "अशी. आमचे सर सांगतात, परीक्षकाचा चेहरा मुलाला दिसता कामा नये. चेहऱ्यावरून मूल उत्तर ओळखतं. मग गुण खरे येत नाहीत."

हा आवाज बाईंनी त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकला होता. पोरगी कशी पुस्तकासारखी बोलते, म्हणून त्यांची छाती भरून आली होती. उठून एकदा डोकावल्या असत्या तर! त्या आठवणीने त्यांचा राग दुप्पट झाला, कारण आता त्यातला अर्धा स्वतःवर होता.

"चप्पल घाल."

"काय जायं बाई?" कमलने घाबरून विचारलं.

"काही नाही. पोरगी जरा जास्त शिकलीये. तेवढं उतरवून आणते."

बळीरामचं खातं दोन गल्ल्या पलीकडे होतं. पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस माग, आणि त्यांच्या डोक्यावर लाकडी माळा. माळ्यावर बळीरामचा संसार. आत पाऊल टाकलं की आवाज कानांत नाही, दातांत घुसायचा. धनश्री माळ्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. तिच्या मागे बळीराम त्या गदारोळात गाढ झोपला होता. खाली, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला तिची आई शांताबाई बॉबिनवर धागा भरत होती.

शांताबाईने मान वर केली आणि ओठ हलवले. आवाज कुठला येणार! पण धनश्रीने दोन बोटं दाखवली, मान हलवली, आत जाऊन तांब्या आणला आणि शिडी उतरून आईला देऊन आली. परत चढताना मधल्या मागावरच्या लोटू नावाच्या कारागिराने तिला काहीतरी विचारलं, नुसत्या तोंडाने. तिने हाताने उत्तर दिलं. लोटू हसला. मग त्याने दाराकडे बघून लांबलचक ओठ केले, "मास्तरीण आली गं, पळ!" ते धनश्रीनेही वाचलं आणि सरलाबाईंनीही. लोटू जीभ चावून मागाच्या आड झाला. धनश्री मात्र पळाली नाही. बाईंना बघून तिने दोन्ही हात वर केले आणि त्याच वेगाने खाली घेतले, जणू शाळेतून काढलेल्या मुलीने असं करायचं नसतं.

बाईंनी रंजनाला कोपराने ढकललं आणि माळ्याकडे बोट केलं. म्हण आता.

रंजना शेडच्या मधोमध उभी राहिली. हातात पुस्तिका नव्हती. तिने तोंड वर करून आकडे उच्चारले. तिचे तिलाही ऐकू आले नसतील. चार, एक, नऊ. माळ्यावर बोटं उघडली, मिटली, उघडली. चार, एक, नऊ. मग चार आकडे, मग पाच. सहाला पोरीने क्षणभर डोळे मिटले आणि सहाही आकडे बोटांवर परत दाखवले. मग कुणी सांगितलं नसताना, खेळ म्हणून, तेच उलट्या क्रमाने दाखवले.

रंजना बाईंमागून बाहेर गल्लीत आली. "सहा," ती म्हणाली. "आठ वर्षांच्या मुलाला पाच आले तरी पुरे असतात, बाई."

"मला कशाला सांगतेस? ज्याला यादी दिलीस त्याला सांग." आता बाईंचा आवाज चढला. गल्लीतल्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. "तिला ऐकू येतं. पण तिचा कानावर भरवसा नाही. जन्मल्यापासून या पत्र्याखाली आहे, भरवसा ठेवेल कशी? ती माणसाच्या तोंडाकडे बघते, आणि तू तोंडावर पडदा धरलास. ती वाकून तुझे ओठ शोधत होती गं! आणि तू लिहिलंस, लक्ष नाही. परक्या कुणी लिहिलं असतं तर मी समजले असते. तुझ्या घरात जेवताना तुझा बाप आवाज न काढता भाजी मागतो. मी स्वतः पाहिलंय. आणि माझ्या वर्गात चार वर्षं बसलीस. फळ्याकडे तोंड करून मी एक तरी वाक्य बोलले का कधी? लिहायचं, वळायचं, मग बोलायचं. कशासाठी वळत होते मी? नाचायला?"

 रंजना पायांकडे बघत म्हणाली, "शिक्षणशास्त्राच्या पेपरात मी हेच लिहिलं होतं. शिक्षकाने मुलाला चेहरा दिसेल असं उभं राहावं. दहापैकी आठ मिळाले."

"आणि मानसशास्त्राच्या तासाला?"

"चेहरा झाकायचा."

"दोन्ही तास वेगवेगळ्या वर्षी होते की काय?"

"सोमवारी लागोपाठ असतात. पहिला आणि दुसरा. एकाच बाकावर."

"वा!" बाई म्हणाल्या. "आणि घंटा झाली की पहिला तास डोक्यातून पुसून टाकता? मग दोन विषय एकत्र घ्यायला मी तुझ्या बापाच्या हातापाया कशाला पडले?"

"मी सरांना विचारते. पण दहा मुलं लागतातच, बाई. एक काढलं तर फाईल अपुरी. प्रात्यक्षिक गेलं तर वर्ष गेलं. आप्पा पुन्हा फी भरणार नाहीत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही याल का माझ्याबरोबर? तुमचं ऐकतील."

"नाही येणार. कागद तू लिहिलास. तुझं वर्ष गेलं तर फिरून येईल. तिचं नाव शनिवारी जातंय, ते फिरून येणार नाही. ही शांताबाईच्या शेजारी बॉबिन भरायला बसेल आणि तिथेच म्हातारी होईल."

असं म्हणून बाई चालू लागल्या. मागे वळून बघितलं तर विरघळू, हे त्यांना माहीत होतं, म्हणून बघितलं नाही.

शुक्रवारी रंजनाचा काही निरोप आला नाही. शनिवारी हेडसर दाखल्याचं पुस्तक उघडून बसले, बळीराम दाराशी उभा राहिला, आणि सरलाबाई वर्ग सोडून ऑफिसात येऊन भिंतीशी थांबल्या. बोलायचं काय, हे त्यांचं ठरलं नव्हतं. पुस्तक हिसकावून घ्यायचं, एवढं मात्र ठरलं होतं.

तेवढ्यात रंजना आली. डोळे सुजलेले, वेणी कशीतरी घातलेली. तिने एक कागद हेडसरांपुढे ठेवला आणि तो स्वतःच मोठ्याने वाचला. "धनश्री बळीराम हिची चाचणी मी चुकीच्या रीतीने घेतली. तिला माझे तोंड दिसत नव्हते. बासष्ट हा आकडा तिचा नाही, माझ्या चुकीचा आहे. तो मी मागे घेते."

हेडसरांनी कागद उलटापालटा केला. "तुमच्या प्रोफेसरांची सही कुठाय?"

"सर सही देणार नाहीत. म्हणाले, पुस्तिकेत लिहिलंय तसंच घेतलंस, चूक कसली? हे पान काढलंस तर फाईल घेणार नाही. मी पान काढलं."

"मग या चिठ्ठीला काय अर्थ? अशी कुणाच्याही सहीवर शाळा चालते का?"

"यादीवर कुणाची सही होती?" रंजनाचा आवाज आता अजिबात सपाट नव्हता. "माझी एकटीची. वीस वर्षांच्या, नापास व्हायला निघालेल्या पोरीची. त्या सहीवर तुम्ही एका मुलीचं नाव कापायला निघालात, तेव्हा प्रोफेसर नाही आठवले? ती सही चालली, तर हीही चालवा. नाहीतर दोन्ही फाडा."

बळीरामला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की कुणीतरी आपल्या बाजूने भांडतंय. तो दाराशी होता, तो आत येऊन टेबलापाशी उभा राहिला. "सर, माझा अंगठा मला माघारी द्या," तो म्हणाला.

हेडसरांनी तिघांकडे पाळीपाळीने बघितलं. सरलाबाई चष्मा पुसत होत्या. "तुम्ही आणि तुमच्या पोरी," ते पुटपुटले, आणि दाखल्याचं पुस्तक मिटून त्यांनी ते कपाटात फेकलं. "निकाल घसरला तर वर तुमचं नाव कळवीन, बाई."

"नक्की कळवा. पूर्ण नाव लिहा."

बळीराम पोरीला आणायला धावत गेला. व्हरांड्यात रंजना बाईंसमोर उभी राहिली. काहीतरी ऐकायची वाट बघत होती ती, शाबासकी नाही तर निदान 'जा आता घरी' तरी. बाईंच्या ओठांवर ते शब्द आलेही होते. त्यांनी ते गिळले.

"बाकीच्या नऊ जणांचं काय?"

"म्हणजे?"

"पुस्तिका नऊ जणांच्याही समोर अशीच धरली होतीस ना? योगेशला सत्तर लिहिलंयस. प्रियांकाला अडुसष्ट. ती दोघंही खात्याच्या माळ्यावरचीच. त्यांना अजून कुणी हाकललं नाही, एवढंच. हेडसरांच्या खणात ती यादी तशीच आहे."

रंजनाचा चेहरा उतरला. फाईल गेली, वर्ष जायच्या वाटेवर, सुकलालला अजून सांगायचं होतं. पण तिने पिशवी खाली ठेवली.

बाई वर्गात जाऊन आपली खुर्ची घेऊन आल्या. मागच्या वेळी ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात, उजेडाकडे पाठ करून ठेवली होती. या वेळी त्यांनी ती फिरवली, तिच्यात बसणाऱ्या रंजनाच्या तोंडावर पुरतं ऊन पडेल अशी.

"डोळ्यांवर येईल, बाई."

"येऊ दे," सरलाबाई म्हणाल्या, आणि योगेशला हाक मारायला वर्गात गेल्या.