माळ, झाकण आणि नानासोंची दहा बोटं

मित्रांनो, मी एक जुना मायटर आहे. म्हणजे लाकूड कापायचं, दांड्यांवर पुढेमागे सरकणारं गोल पात्याचं यंत्र. जुना म्हणालो म्हणून मला बोळका समजू नका. माझे दात बोथट झाले की नवं पातं बसतं. एवढं भाग्य तुमच्या आजोबांनासुद्धा नाही.

कुपवाडच्या शेडमध्ये मला आणलं ते नानासोंनी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि संध्याकाळी भजनात तबला वाजवणारे. त्यांनी मला टेबलावर चार बोल्टांनी घट्ट आवळलं. मग गुण्या लावून पातं काटकोनात आहे का ते पाहिलं. नव्हतं, केसभर कललेलं होतं. ते सरळ करण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली. दारांच्या चौकटींची मापं काढणारी त्यांची सून संयोगिता कंटाळून म्हणाली, "मामंजी, एवढ्या येळात एक लगीन लागलं असतं."

"लागू दे की. आदी मशीन सरळ, मग लाकूड," नानासो म्हणाले.

त्यांची ही शिस्त मला फार आवडली. लाकूड मागच्या पट्टीला टेकवायचं, शिकंज्यात धरायचं, हात पात्यापासून वीतभर लांब. डोळ्यांवर चष्मा, सैल बाही नको, हातमोजे तर नकोतच. मी पूर्ण वेग घेतला की मला अंगाशी ओढायचं, खाली दाबायचं आणि पुढे ढकलायचं. पातं थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही. विश्रामबागेतल्या कितीतरी चौकटी मी कापल्या. सांधे बघून लोक म्हणायचे, "नखसुदिक शिरत न्हाई." मी मनातल्या मनात लय फुगायचो. कामाच्या गर्दीत माझ्या दांड्या पुसायचं मात्र सगळे विसरायचे, आणि भुशाने माझा जीव नकोसा व्हायचा.

आता गेल्या खंडेनवमीची गोष्ट ऐका. माझ्या पात्यावर एक झाकण आहे. मला खाली दाबलं की ते आपोआप उघडतं, वर उचललं की मिटतं. नानासोंची बायको साळूबाई हिने माझी पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. ती घसरू नये म्हणून झाकण वर ओढून दोऱ्याने मुठीला करकचून बांधलं. झाकण उघडंच अडकलं. आणि साळूबाईचा नियम असा की, पूजेची माळ वाळून आपली आपण गळेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नानासो कामाला आले. माझे उघडे दात त्यांना दिसले, पण माळ तोडायला मन धजेना. त्यात शेवटचा तुकडा एवढुसा, शिकंज्यात न बसणारा. तो त्यांनी चिमटीत धरला. तबल्यावरची ती बोटं माझ्या दातांजवळ आली. मित्रांनो, मी भ्यालो. मला ओरडता येत नाही. बटण दाबलं की फिरायचं, एवढंच मला ठाऊक.

नानासोंनी बटण दाबलं. मी फिरलोच नाही. संयोगिताने भिंतीवरचा प्लग उपसला होता.

"काय झालं गं?"

"झाकण बघा, मामंजी. आन् हात कुठं हाय त्यो बघा."

नानासोंनी पाहिलं आणि हात मागे घेतला. "देवाची माळ हाय गं. तोडायची कशी?"

तेवढ्यात साळूबाई चहा घेऊन आली. तिने ते ऐकलं, चहा खाली ठेवला आणि कात्रीने दोरा कापून टाकला.

"देवाला माळ लागती. तुमची बोटं न्हाईत लागत," ती म्हणाली.

झाकण खट्कन मिटलं. इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं. तेवढाच तुकडा नानासोंनी मग दुसरी लांब पट्टी शिकंज्यात धरून तिच्यातून कापला.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा, झेंडू मलाही आवडतो. पण माळ टेबलाच्या पायाला बांधा, झाकण मोकळं ठेवा, माझ्या दांड्या पुसा आणि पातं बदलताना आधी प्लग काढा. तीच माझी खरी पूजा.

हल्ली नानासो रोज सकाळी प्लग लावण्याआधी माझ्या टेबलावर तबल्याचे चार बोल वाजवतात. मी बोटं मोजतो. दहा भरली की कामाला लागतो.