उभ्या गाडीचं इंजिन

घरगाडीचं इंजिन गेल्यात जमा आहे, हे ऐकायला मास्तर गॅरेजात आले नव्हते. एखादा पाइप बदलला की झालं, असं काहीतरी ऐकायला आले होते. माणूस डॉक्टरकडेसुद्धा अशीच आशा घेऊन जातो आणि तोंड पाडून परत येतो.

गॅरेजवालीने ऑइल घालायचं टोपण काढलं आणि गाडी चालू करायला सांगितली. इंजिन खोकलं, दोनदा अडखळलं आणि मग नेहमीसारखं खडखडत चालू झालं. टोपणाच्या भोकातून धूर भकाभका बाहेर आला. तिने हातानेच 'बंद करा' अशी खूण केली आणि बोटं फडक्याला पुसली. चाळिशी उलटलेली, रोखठोक बाई. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून गोड बोलायची तिला सवय नव्हती.

"मास्तर, गाडी किती पळवलीत?"

"फारशी नाही. निवृत्त झालो, घर विकलं, राहायला ही गाडी घेतली. जन्मभर फळ्यावर नद्या-डोंगर काढले, म्हटलं आता बघू या तरी. दोन वर्षं भटकलो. मग बायकोचं आजारपण सुरू झालं."

"मीटर तेच सांगतोय. गाडी पळालेली नाही, आणि इंजिन मात्र म्हाताऱ्या ट्रकसारखं झिजलंय. उभ्या उभ्या चालू ठेवता का?"

मास्तरांनी वर्गात कितीतरी पोरांना उत्तर येत नाही म्हणून उभं केलं होतं. आज ते स्वतः खाली मान घालून उभे होते.

"संध्याकाळी ठेवतो. रोज. ती झोपेपर्यंत."

"वाटलंच मला. डिझेलचं इंजिन ओझ्याला भीत नाही, रिकामं बसायला भितं. नुसतं उभं ठेवून चालवलं की ते पुरतं तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं, ऑइलमध्ये उतरतं. सिलिंडर आतून आरशासारखे गुळगुळीत होतात, मग पिस्टनच्या रिंगांना पकडच राहत नाही. ही गाडी पळून नाही मेली हो, उभी राहून मेली."

मास्तरांनी मागे पाहिलं. मागच्या बाकावर, खिडकीशी, त्यांची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्याकडे बघून ती परक्या माणसाकडे बघावं तसं अदबीने हसली.

तिच्या लेखी ते परकेच होते. तिच्या आठवणीतून आधी गावं गेली, मग शेजारपाजार, मग मुलगी, आणि एके दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेताना ती म्हणाली, "दादा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मास्तर त्या दिवशी ओट्याकडे तोंड करून रडले होते. पण तेव्हाच त्यांना एक गोष्ट सापडली. गाडी चालू झाली, ते स्टिअरिंगवर बसले आणि ती शेजारी आली, की त्या खडखडाटात ती त्यांना ओळखायची. "अहो, काच वर करा, वारा लागतोय," म्हणायची. इंजिन चालू असेतो ते तिचे 'अहो' असत, आणि बंद झालं की पुन्हा दादा. म्हणून ते रोज संध्याकाळी गाडी चालू करत. धुरामुळे शेजारच्या गाड्यांमधली माणसं कुरकुरली, तर घरगाड्या उभ्या करायच्या तळाच्या पार टोकाच्या कोपऱ्यात जाऊन करत. नवरा होऊन राहण्याच्या हव्यासात त्यांनी इंजिनाचा जीव घेतला होता, आणि तोही अगदी लाडाने.

"आता काय करायचं ते तुम्ही ठरवा," गॅरेजवाली म्हणाली. "हेच दुरुस्त करायचं तर सगळं खोलावं लागेल. महिना, कदाचित दीड. तेवढे दिवस गाडीत राहता येणार नाही, मधली फळीच उचकटावी लागते. नाहीतर दुसरं बसवा. अपघातातल्या गाडीचं माझ्याकडे आहे, याच्याहून नवं. चार दिवसांत देते. तोवर माझ्या मागच्या खोलीत राहा; महिनाभर मात्र ती देता येणार नाही."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. महिनाभर गाडी नाही म्हणजे काय, ते मुलीने फोनवर सांगूनच ठेवलं होतं. "बाबा, गाडी गेली की आईला संस्थेत ठेवायचं. तुमचंही वय झालंय आता." ती वाईट बोलली नव्हती, दमून बोलली होती. ती संस्था मास्तरांनी पाहिली होती. स्वच्छ होती, चादरींना एक सुरकुती नव्हती, आणि दाराची कडी बाहेरून होती. तिथे गेलेलं माणूस महिन्याने परत येत नाही, हे कुणी त्यांना सांगायला नको होतं.

"त्या दुसऱ्याचा आवाज कसा आहे?"

"आवाज?" गॅरेजवाली पहिल्यांदाच हसली. "मांजर जास्त आवाज करेल."

तिने ती तारीफ म्हणून सांगितली होती. मास्तर बायकोकडे वळले.

त्यांनी बायकोला हाताला धरून खाली उतरवलं. दुसरं इंजिन कोपऱ्यात लोखंडी घोडीवर चढवलेलं होतं. गॅरेजवालीने ते चालू केलं. मास्तरांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या, गाडीतल्या सीटसारख्या, आणि तिच्या शेजारी बसून वाट पाहिली. हात उगाच स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे केले. गॅरेजवाली दुसरीकडे बघू लागली.

"दादा," थोड्या वेळाने बायको म्हणाली, "गाडी चालू करता का? आमचे हे खोळंबले असतील."

"चालूच आहे, बाई."

"असं होय," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली आणि पर्स घट्ट धरून बसली.

मास्तर उठले. "दुरुस्त केलं, सगळं नवं घातलं, तर आता येतो तसा आवाज येईल?"

गॅरेजवालीला एव्हाना कळलं होतं. खोटं बोलली असती तरी चाललं असतं, पण तिला ते जमत नव्हतं. "मास्तर, तो आवाज इंजिनाचा नाहीच. तो बिघाडाचा आहे. दुरुस्त झालं की तोही जाणार."

मग ठरवायला उरलं काय? मास्तरांनी गाडीकडे बघितलं. "आणि आत्ता, आहे तसं चालवलं तर?"

"चालेल अर्धा तास, फार तर एक. मग जाम होईल. ते काही शहाणपणाचं नाही."

"माहीत आहे. एवढं एकदा चालवू द्या."

तिने दोन्ही शटर पूर्ण वर केली आणि धूर बाहेर जावा म्हणून मोठा पंखा दाराकडे वळवला.

इंजिन खोकत, अडखळत चालू झालं. मास्तर स्टिअरिंगवर बसले, ती शेजारी बसली. तिचे खांदे सैल झाले.

"अहो, किती उशीर केलात."

"झाला खरा."

"तो माणूस कोण हो? दिवसभर माझ्याभोवती घुटमळत असतो."

मास्तरांनी समोरच्या काचेतून भिंत बघितली. "त्रास देतो का?"

"छे. माझे केस विंचरून देतो. मी करू देते. बिचारा एकटा दिसतो."

"मग राहू दे त्याला."

"राहू दे की. पण तुम्ही असताना तो कशाला लागतो?"

"मी नसलो म्हणजे होईल त्याची मदत. त्याचं ऐकत जा जरा."

"तुम्ही कुठे निघालात मला सोडून?" तिने लटक्या रागाने त्यांच्या दंडावर चापट मारली, आणि हात तिथेच राहू दिला. मास्तर हललेसुद्धा नाहीत. खडखड वाढत गेली, धूर काचेपर्यंत आला, ती कुठल्याशा घाटातल्या वळणाबद्दल काहीबाही बोलत राहिली, आणि ते प्रत्येक वाक्याला हो म्हणत राहिले. मग खाली काहीतरी करकचून आवळल्यासारखं झालं आणि इंजिन थांबलं.

तिने हात मागे घेतला. इकडे-तिकडे पाहिलं.

"दादा, हे कुठे गेले?"

"येतील," मास्तर म्हणाले. "पुढे गेलेत."

गॅरेजवाली खिडकीशी आली.

"दुसरं बसवा," मास्तर म्हणाले, आणि बायकोच्या पर्समधून त्यांनी कंगवा काढला.